बॅलार्ड इस्टेटमधले इराणी भोजनगृह

मुंबईतील इराण्याच्या हॉटेलाविषयी मराठीत जे जे लिहिले गेले, त्यात चहा, ब्रून मस्का, मावा केक, संगमरवरी टेबले, वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या आणि गल्ल्यावर बसलेला तिरसट मालक यांचे वर्णन इतक्या वेळा येऊन गेले आहे की, या सगळ्या सामग्रीत इराणचे असे नेमके काय आहे, हा साधा प्रश्न विचारण्याचे कोणाला सहसा सुचत नाही. विचारलाच, तर उत्तर काहीसे अडचणीचे येते. चहा दुधाचा, म्हणजे इराणात पितात त्याहून अगदी निराळा, आम्लेट आणि केक साहेबाच्या न्याहारीतले, पाव बेकरीतला, आणि खिमा तर अवघ्या शहराचाच. गल्ल्यावरचा धनी इराणी होता, पण त्याचे खाणे मात्र घरी, पडद्याआड राहिले.

असे का झाले, हे समजण्यासाठी ही मंडळी कोणत्या स्थितीत येथे आली, ते पाहिले पाहिजे. यझ्द आणि किरमान या दोन मुलुखांतील झरतुष्ट्री रयत जिझियाच्या भाराने, स्थानिक अंमलदारांच्या जुलमाने आणि दुष्काळाने गांजून एकोणिसाव्या शतकात मुंबईची वाट धरू लागली. शेकडो वर्षांपूर्वी गुजरातच्या किनाऱ्याला लागलेल्या आणि आता पेढ्या-गिरण्यांचे मालक झालेल्या पारशांशी यांचा धर्म एक होता, पण बोली निराळी आणि खिसा तर फारच निराळा होता. मुंबईच्या पारशांनी आपले वकील म्हणून माणेकजी लिमजी हातारिया यांना १८५४ साली इराणात पाठवले आणि त्यांच्या दीर्घ खटपटीनंतर १८८२ साली शहाच्या फर्मानाने जिझिया माफ झाला. तरीही येणाऱ्यांचा ओघ थांबला नाही. त्यांच्यामागोमाग इराणातील शिया मुसलमानही आले आणि याच धंद्यात शिरले. गाठीला भांडवल नाही, भाषा येत नाही, अशा माणसाने गिऱ्हाइकाला जे हवे तेच विकायचे असते. हिंदू दुकानदार कोपऱ्यावरची जागा अशुभ मानीत, म्हणून ती इराण्याला स्वस्तात मिळे, असे सांगतात. कारण काहीही असो, दोन्ही रस्त्यांवरची गिऱ्हाइके त्यामुळे त्याच्याकडे आली खरी. धोबीतलावजवळचे कयानी १९०४ चे, ग्रँट रोड स्टेशनसमोरचे मेरवान १९१४ चे, आणि पुण्यात डेक्कनवरचे गुडलक १९३५ चे.

या सगळ्यांत बॅलार्ड इस्टेटमधील ‘ब्रिटानिया’ची गोष्ट मला अधिक विचार करण्याजोगी वाटते. हा सारा भाग गोदीसाठी समुद्र हटवून काढलेल्या जमिनीवर पहिल्या महायुद्धाच्या सुमारास उभा राहिला. त्याची दगडी, एकसारख्या उंचीची शिस्त जॉर्ज विटेट या वास्तुविशारदाची. तेथे १९२३ साली रशीद कोहिनूर यांनी हे भोजनगृह काढले. इंग्रजी नाव दिले की परवाना लवकर हाती पडतो, एवढ्या हिशेबाने ते नाव निवडले गेले, अशी त्या घराण्यात चालत आलेली हकीकत आहे. गिऱ्हाईक म्हणजे आसपासच्या जहाज कंपन्यांचे गोरे साहेब. साहजिकच पदार्थही त्यांच्या जिभेला मानवतील असे, बेताच्या मसाल्याचे. साहेब गेले, देशी कारकून-अधिकारी आले, आणि पारशी घरचे धनसाक, साली बोटी तेथे रुळले. इराण अजूनही बाहेरच होते.

ते आत आले ऐंशीच्या दशकात, आणि आणले ते घरच्या सुनेने. रशीद यांचे चिरंजीव बोमन कोहिनूर यांच्या पत्नी बचन काही काळ इराणात राहून आल्या होत्या, आणि तिथला झेरेश्क पोलो त्यांनी येथल्या मुदपाकखान्यात उतरवला. त्याचाच आज प्रसिद्ध असलेला बेरी पुलाव झाला.

मूळ इराणी कृती मोठी संयमाची आहे. लांब तांदूळ मिठाच्या पाण्यात भिजवायचा, भरपूर पाण्यात अर्धा कच्चा उकळून गाळायचा, मग तुपाने माखलेल्या भांड्यात सैल हाताने शीग रचून, झाकणाला फडके गुंडाळून मंद आचेवर ठेवायचा, म्हणजे वाफेचे पाणी फडके पिऊन घेते आणि शीत शितापासून सुटे राहते. तळाशी जी सोनेरी, कुरकुरीत खरपुडी धरते, तिला तहदिग म्हणतात, आणि तिच्यासाठी इराणी घरांत लहानथोरांची झोंबाझोंबी होते. झेरेश्क म्हणजे खोरासानच्या कोरड्या मुलखात पिकणारी, गुंजेएवढी लाल आंबट फळे. ती वाळवलेली असतात, धुऊन घेऊन तुपात साखरेच्या चिमटीबरोबर क्षणभरच परतायची, कारण आच जरा वाढली की ती काळवंडतात आणि कडवट होतात. वर केशराचे पाणी, बाजूला कोंबडी. तिखट नाही, गरम मसाला नाही. सगळी मदार तुपावर, केशरावर आणि त्या आंबटपणावर.

हे ताट जसेच्या तसे मुंबईकरापुढे ठेवले असते, तर त्याने ते आजाऱ्याचे पथ्य म्हणून परत पाठवले असते. बचनबाईंनी म्हणूनच त्यात मसाल्यात शिजवलेले मटण किंवा कोंबडी घातली, खिम्याचे गोळे, तळलेला कांदा आणि काजू घातले. भात आणि झेरेश्क मात्र सोडले नाहीत. शुद्धतेचे अभिमानी याला भेसळ म्हणतील. मला ही तडजोड पूर्वीच्या पिढीच्या मौनापेक्षा अधिक धीट वाटते. पूर्वी गिऱ्हाइकाला हवे ते देताना घरचे लपवले होते, येथे घरचे देताना गिऱ्हाइकाची जीभ ओळखली.

बोमनशेठ २०१९ साली, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी निवर्तले. तोपर्यंत ते टेबलाटेबलाशी जाऊन ऑर्डर घेत, आणि इंग्लंडच्या राजघराण्यावरील आपली निष्ठा ऐकवल्याशिवाय पाहुण्याला सोडत नसत; २०१६ साली राजपुत्र विल्यम व केट मुंबईस आले, तेव्हा त्यांची भेटही झाली. इराणी रक्ताच्या, मुंबईत हयात घालवलेल्या माणसाची ही विलायती भक्ती पाहून हसू येई, पण तीत लबाडी नव्हती.

खऱ्या इराणी पंगतीचा दिवस मात्र आजही घरचाच आहे. २१ मार्चच्या सुमारास, दिवस-रात्र समान होतात तेव्हा, नवरोज येतो. मेजावर अंकुरलेले गहू, लसूण, सफरचंद, सिरका आदी सात वस्तू मांडतात, आणि इराणात त्या दिवशी हिरव्या पाल्याचा भात व मासा शिजतो. हा भात मुंबईच्या हॉटेलांत सहसा मिळत नाही. एखाद्या इराण्याने तो वर्षातून एक दिवस तरी फळ्यावर लिहावा, अशी माझी विनंती आहे. पापलेट खाणाऱ्या या शहरात त्याला गिऱ्हाइकांची वाण पडणार नाही.

तूर्त बेरी पुलाव आहे. बॅलार्ड इस्टेट कचेऱ्यांचा भाग, आणि ब्रिटानियाची खरी वेळ दुपारच्या जेवणाची. तेव्हा कामाच्या दिवशी, गर्दी जमण्याआधी जावे. ताट आले की नुसता भात आणि वरची लाल फळे पाहून मांस विसरले, असे समजून पोऱ्याला हाक मारू नये. ते भाताखाली असते. चमचा तळापर्यंत घालावा.