दाढेचं दुखणं दाढेपुरतंच राहतं का?

२००७ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात १२ वर्षांचा एक मुलगा किडलेल्या दाढेपायी दगावला. दाढेच्या मुळाशी झालेल्या पुवातले जंतू थेट मेंदूपर्यंत पोचले होते. मेंदूवर दोन शस्त्रक्रिया झाल्या, उपचारांचा खर्च अडीच लाख डॉलरच्या घरात गेला, तरी मुलगा वाचला नाही. ती दाढ वेळेवर काढायला साधारण ८० डॉलर लागले असते.

असं क्वचितच घडतं, हेही लगेच सांगायला हवं. किडक्या दाढा कोट्यवधी लोकांच्या तोंडात आहेत आणि त्यातल्या बहुतेकांच्या मेंदूला काहीही झालेलं नाही. पण या विषयावर आपल्याकडे दोन टोकांची माणसं भेटतात. काही जण ‘दाढच तर आहे’ म्हणून वर्षानुवर्षं अंगावर काढतात, तर काही जण सांधेदुखीपासून कॅन्सरपर्यंत सगळं दातांच्या माथी मारतात. घाबरतात दोघंही, पण भलत्याच गोष्टीला.

‘ठणका थांबला, म्हणजे दाढ बरी झाली’

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच. दाताचं वरचं पांढरं कवच शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ आहे. त्याच्या आत पिवळसर थर आणि मध्यभागी मऊ गर असतो. रक्तवाहिन्या आणि नसा या गरात असतात. कीड तिथवर पोचली की गराला सूज येते. बाकी शरीरात बहुतेक ठिकाणी सूज आली तर तिला पसरायला जागा मिळते, इथे चारी बाजूंनी टणक भिंती. म्हणून तो जीवघेणा ठणका, आणि म्हणूनच आडवं झाल्यावर, डोक्याकडे रक्त वाढल्यावर, तो आणखी चढतो.

काही दिवसांनी गर मरतो. त्याच्याबरोबर नसही मरते आणि दुखणं थांबतं. याचं श्रेय मग त्या आठवड्यात जो उपाय चालू असेल त्याला मिळतं. कोणी लवंगेच्या तेलाचे गुण गातो, कोणी रिंगणीच्या बियांची धुरी देऊन ‘किडा’ पाडणाऱ्याचे. लवंगेतल्या युजेनॉलमुळे नस तात्पुरती बधिर होते, एवढं खरं. मुळाशी चाललेलं काम त्यानं थांबत नाही. किड्याबद्दल बोलायचं तर पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्यानं १७२८ सालच्या ग्रंथातच दातात किडा असतो ही कल्पना नाकारली होती. तीनशे वर्षं होत आली, पण जत्रेत किडे अजून पडतात.

गर मेला तरी जंतू जिवंत असतात. ते मुळाच्या टोकातून जबड्याच्या हाडात उतरतात आणि तिथे पू साचतो. बऱ्याचदा हा पू हाड पोखरून हिरडीवर पुळी करतो. पुळी फुटते, तोंडात घाणेरडी चव येते, दाब निघून जातो आणि माणूस पुन्हा निवांत होतो. हे वर्षानुवर्षं चालू शकतं.

पण पुवाला जिकडे वाट मिळेल तिकडे तो जातो, हिरडीकडेच जाईल असं नाही. खालच्या जबड्यातल्या दुसऱ्या दाढेची आणि अक्कलदाढेची मुळं जिभेखालच्या स्नायूच्या चिकटण्याच्या रेषेपेक्षाही खाली उतरलेली असतात. तिथला पू आतल्या बाजूनं फुटला तर सरळ हनुवटीखाली आणि गळ्याकडे पसरतो. जीभ वर आणि मागे ढकलली जाते, गळा लाकडासारखा कडक होतो, श्वास कोंडतो. १८३६ मध्ये लुडविग या जर्मन वैद्यानं या आजाराचं वर्णन केलं, म्हणून त्याला ‘लुडविग्ज अंजायना’ म्हणतात. अँटिबायोटिक येण्याआधी यात निम्म्याहून जास्त रुग्ण दगावत. आता बहुतेक जण वाचतात, पण अतिदक्षता विभागातून.

‘मेडिकलमधून कोर्स आणून घेतला, आता काय करायचंय?’

मेलेल्या गरात रक्त पोचत नाही. गोळीतलं औषध तर रक्तातूनच जातं. त्यामुळे आजूबाजूची सूज उतरते, ताप जातो, पण दाताच्या आतला जंतूंचा साठा तसाच राहतो आणि महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा डोकं वर काढतो. उपाय दोनच आहेत : रूट कॅनल करून आतला भाग साफ करणं किंवा दात काढणं. गळू झालं असेल तर पू बाहेर काढायला हवा. सूज पसरत असेल, ताप असेल, तर अँटिबायोटिक लागतं, पण या उपायांच्या जोडीला, त्यांच्याऐवजी नाही. नुसत्या ठणक्यावर तर त्याचा उपयोगच नाही. मेडिकलवाल्यानं दिलेल्या तीन दिवसांच्या गोळ्यांनी एकच गोष्ट नक्की साधते : औषधाला दाद न देणारे जंतू तयार व्हायला मदत होते.

आणखी एक. सुजलेल्या गालाला बाहेरून गरम शेक देऊ नका.

‘वरचा दात काढला की नजर जाते’

हे घरोघरी ऐकू येतं आणि शिकलेल्या माणसांच्या तोंडूनही येतं. दातांना संवेदना देणारी नस वेगळी, मेंदूकडून येणारी पाचवी. दृष्टीची नस दुसरी, तिचा दातांशी संबंध नाही. दात काढण्यासाठी देतात ते भुलीचं इंजेक्शनही काही तासांत उतरतं. मग हा समज टिकला कसा? दात काढायची वेळ बहुतेकांवर चाळिशीनंतर येते आणि चष्मा लागायची वेळही तीच.

गंमत अशी की डोळ्याला धोका असतोच, फक्त तो दात काढण्यात नसून न काढण्यात असतो. वरच्या दाढांची मुळं वरच्या जबड्याच्या हाडातल्या सायनसच्या तळाला जवळजवळ टेकलेली असतात. एकाच बाजूचं नाक वाहतंय, त्याला दुर्गंधी आहे आणि सायनसची औषधं करूनही हटत नाही, अशा रुग्णात मूळ पुष्कळदा दाढेत सापडतं. चेहऱ्याच्या वरच्या भागातल्या शिरांमधून जंतू डोळ्यामागे आणि क्वचित कवटीच्या आतही जाऊ शकतात. पापणीपर्यंत चढलेली सूज ही म्हणूनच वाट बघण्याची गोष्ट नाही.

‘रूट कॅनलमुळे कॅन्सर होतो’

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या या निरोपाला शंभर वर्षांचा इतिहास आहे. १९१० मध्ये विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टरनं कॅनडात माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात भाषण केलं. कुजक्या मुळांवर सोन्याच्या टोप्या आणि ब्रिज चढवणाऱ्या दंतवैद्यांवर त्यानं झोड उठवली आणि अनेक जुनाट आजारांचा उगम तोंडात आहे असं मांडलं. तक्रार बरीचशी रास्त होती. पण तिच्यातून जी लाट उठली, ती भयंकर निघाली. सांधे दुखतात? दात काढा. थकवा येतो? दात काढा. अमेरिकेत हजारो लोकांचे चांगले दात उपटले गेले. न्यू जर्सीतल्या ट्रेंटन इथल्या मनोरुग्णालयाचा प्रमुख हेन्री कॉटन याची तर खात्री होती की वेडाचं मूळ दातांत आहे. त्यानं रुग्णांचे दात काढले. त्यानं भागलं नाही तेव्हा टॉन्सिल काढले, मोठ्या आतड्याचे भाग काढले. त्यात कित्येक रुग्ण मेले.

त्याच काळात वेस्टन प्राइस हा दंतवैद्य रूट कॅनल केलेले दात सशांच्या कातडीखाली बसवून ससे आजारी पडल्याचं दाखवत होता. प्रयोगात स्वच्छतेची आणि तुलनेची काळजीच नव्हती. पुढे नीट प्रयोग झाले तेव्हा ते निष्कर्ष टिकले नाहीत. १९३८ मध्ये रसेल सेसिल या डॉक्टरनं सहकाऱ्याबरोबर संधिवाताच्या २०० रुग्णांचा आढावा छापला : दात-टॉन्सिल काढून संधिवाताला फायदा होत नाही. सेसिल स्वतः आधी दात काढण्याचा पुरस्कर्ता होता, त्यामुळे या कबुलीला वजन आलं. आजच्या निरोपांमध्ये प्राइसचं नाव अजून येतं, सेसिलचं येत नाही. रूट कॅनल केलेल्या दातामुळे कॅन्सर होतो असा पुरावा नाही. अर्धवट सोडलेलं किंवा नीट न भरलेलं रूट कॅनल पुन्हा पिकू शकतं, ही गोष्ट वेगळी. पहिल्या भेटीत दुखणं थांबलं की पुढच्या भेटींना दांडी मारणारे आपल्याकडे कमी नाहीत.

अलीकडची आवृत्ती अल्झायमरची आहे. हिरड्यांमधला एक जंतू या आजाराला कारणीभूत आहे असा गाजावाजा २०१९ मध्ये झाला. त्या जंतूवर बेतलेलं औषध मात्र २०२१ च्या मोठ्या चाचणीत अपयशी ठरलं.

‘हिरड्या खराब, म्हणजे हार्ट अटॅक ठरलेला’

हिरड्यांचा आजार असलेल्यांमध्ये हृदयविकार जास्त आढळतो, हे खरं. पण तंबाखू, मधुमेह, गरिबी ही दोन्हींची सामाईक कारणं आहेत. अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०१२ मध्ये सगळा पुरावा तपासून सांगितलं की संबंध दिसतो, पण एकामुळे दुसरं होतं हे सिद्ध झालेलं नाही, आणि हिरड्यांवर उपचार केल्यानं हार्ट अटॅक टळतो हेही नाही. दात साफ करून घ्या, पण रक्तदाबाची गोळी सोडू नका.

हृदयाच्या झडपांची गोष्ट वेगळी. तोंडातले काही जंतू रक्तातून जाऊन खराब किंवा कृत्रिम झडपेवर ठाण मांडतात आणि हा आजार जीव घेऊ शकतो. ज्यांची झडप बदललेली आहे, ज्यांना आधी असा झडपेचा संसर्ग झालाय किंवा जन्मजात हृदयदोषाचे काही ठरावीक प्रकार आहेत, त्यांना दात काढण्यासारख्या उपचाराआधी अँटिबायोटिकचा एक डोस देतात. २००७ पासून अमेरिकेत ही यादी मुद्दाम छोटी केली गेली, कारण दात घासताना आणि चावतानाही जंतू रक्तात जातातच. रोजचं स्वच्छ तोंड हे एका डोसापेक्षा मोठं संरक्षण. आपल्याकडे लहानपणच्या ऱ्हुमॅटिक तापानं झडप खराब झालेले रुग्ण बरेच आहेत. त्यांनी हृदयाची फाइल दंतवैद्याला दाखवावी आणि डोसाचा निर्णय दोन्ही डॉक्टरांवर सोडावा.

‘हिरड्यांतून रक्त येतंय? उष्णता झाली असेल’

घासताना रक्त येणं ही बहुतेक वेळा दातांच्या कडेला साचलेल्या कीटणामुळे आलेली हिरड्यांची सूज असते. सब्जा पिऊन ती जात नाही. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचं रक्त उलट कमी येतं, म्हणून त्यांचा आजार लपून वाढतो. मिश्री लावून हिरड्या घट्ट होतात हा समज आपल्या खेड्यांत, विशेषतः बायकांत, अजून पक्का आहे. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. तिनं हिरड्या सरतात आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. कीटण काढल्यानं दात हलायला लागतात असंही म्हणतात. दात हाड झिजल्यामुळे आधीच हलत असतात, कीटणानं ते लपवलेलं असतं.

शरीराशी सगळ्यात भक्कम नातं सिद्ध झालंय ते इथे, मधुमेहाच्या बाबतीत. साखर वाढलेली असली की हिरड्यांचा आजार बळावतो. आणि हिरड्यांतली सततची सूज इन्सुलिनला नीट काम करू देत नाही, साखर आवरत नाही. हिरड्यांवर पुरते उपचार केले तर तीन-चार महिन्यांत तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, म्हणजे एचबीएवनसी, साधारण ०.४ टक्क्यानं उतरतो, असं अनेक चाचण्या एकत्र पाहिल्यावर दिसलंय. वजन आणि गोळ्यांच्या पुढे आपल्याकडच्या मधुमेहाच्या तपासणीत तोंड उघडायला कोणी सांगत नाही, ही मोठी उणीव आहे.

गरोदरपणात दातांचे उपचार करू नयेत, हाही चुकीचा सल्ला. हिरड्यांचे उपचार सुरक्षित आहेत, मधले तीन महिने सर्वांत सोयीचे. त्यानं अकाली प्रसूती टळते असा दावा मात्र २००६ च्या मोठ्या अमेरिकन चाचणीत टिकला नाही. दुधाचे दात पडणारच म्हणून सोडून देऊ नयेत, त्यांच्या मुळांखालीच कायमचा दात घडत असतो. आणि घरात अंथरुणाला खिळलेलं वडीलधारं माणूस असेल तर त्यांचं तोंड रोज साफ करा, कवळी रात्री काढून ठेवा : तोंडातले जंतू फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होतो, आणि जपानमधल्या वृद्धाश्रमांत तोंडाची निगा राखल्यावर तो कमी झालेला दिसला आहे.

खर्चाची धास्ती असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत हे उपचार माफक दरात होतात. आणि दाढदुखीबरोबर तोंड दोन बोटंही उघडत नसेल, थुंकी गिळता येत नसेल, आवाज बदलला असेल, सूज गळ्याखाली किंवा डोळ्यापर्यंत गेली असेल, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री मोठं रुग्णालय गाठा.