दुबईला टॅक्स नसतो म्हणे!

मी पडले कॉन्व्हेंटवाली. ‘करपात्र’, ‘करमुक्त’ असले शब्द मला मामामुळे कळले, तेही सुट्टीत त्याच्या बिलांच्या ढिगाऱ्यात बसून. तेव्हा शुद्धलेखनाला हसू नका, प्लीज.

मामाची शारजाला एसी दुरुस्तीची छोटीशी एलएलसी आहे. आठ माणसं, दोन व्हॅन. ‘दुबईला टॅक्स नसतो’ हे आपल्या मेसमध्ये आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतंच. पगारापुरतं ते आजही खरं आहे. धंद्याचं मात्र बदललं. १ जानेवारी २०१८ पासून ५ टक्के व्हॅट आला, आणि १ जून २०२३ पासून पुढे सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांना कॉर्पोरेट टॅक्स.

व्हॅट सोपा आहे. गिऱ्हाइकांकडून २,००० दिरहम व्हॅट घेतला, स्पेअर पार्ट घेताना १,२०० भरला, तर उरलेले ८०० सरकारजमा. म्हणजे तो पैसा आपला नसतोच, फक्त खिशातून जातो! वर्षाची विक्री ३,७५,००० दिरहमच्या वर गेली की नोंदणी सक्तीची.

गंमत म्हणजे कॉर्पोरेट टॅक्समध्येही हाच आकडा आहे, पण तिथे तो नफ्याचा. ३,७५,००० पर्यंतच्या नफ्यावर शून्य, त्यावरच्या रकमेवर ९ टक्के. ४,७५,००० नफा झाला तर टॅक्स ९,०००.

मामा फसला तो इथेच. त्याचा नफा त्या आकड्याच्या खाली. तो म्हणाला, “टॅक्सच शून्य, तर नोंदणी कशाला करायची गं?” पण नोंदणी सगळ्याच कंपन्यांना सक्तीची होती, तारीख लायसन्सच्या महिन्यावरून ठरलेली. वर्ष कुठलंही असो, जानेवारी-फेब्रुवारीचं लायसन्स असेल तर ३१ मे २०२४. मामाचं फेब्रुवारीचं! दंड १०,००० दिरहम, म्हणजे त्याच्या एका मेकॅनिकचे काही महिन्यांचे पगार. आठवडाभर घरी फोनवर तो नीट बोलला नाही.

मग २०२५ मध्ये तिथल्या सरकारने सवलत दिली. पहिलं रिटर्न वर्ष संपल्यावर नऊऐवजी सात महिन्यांत भरा, दंड माफ. भरला असेल तर टॅक्सच्या खात्यात परत जमा. मामाचं वर्ष डिसेंबरला संपतं, म्हणजे ३१ जुलै. आम्ही दोघांनी मिळून बिलं लावली (माझं एक्सेल तेवढं कामी आलं). विक्री ३० लाख दिरहमच्या आत असली तर छोट्या धंद्याची वेगळी सवलत मिळते, पण ती रिटर्नमध्ये मागावी लागते, आपोआप मिळत नाही. ती फक्त ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत संपणाऱ्या वर्षांसाठी आहे. कागद मात्र सात वर्षं जपायचे.

आणि सांगलीच्या फ्लॅटचं भाडं? त्यावर टॅक्स भारतातच! हे ऐकल्यावर मामाने चहा मागवला आणि दुसरी फाईल उघडली.