नुसते ऐकून शिकणे होत नाही



काही शाळांतून आता मुलांना मोबाइलवर ‘पॉडकास्ट’ ऐकवतात. पॉडकास्ट म्हणजे साठवून ठेवलेला, हवा तेव्हा लावता येणारा रेडिओसारखा कार्यक्रम. हे ऐकून कोणी म्हणतो, ‘मग गुरुजींना काम काय उरले?’ दुसरा म्हणतो, ‘मोबाइल आला, आता पोरे हुशार होणार.’ या दोन्ही बोलण्यांचे उत्तर आपल्याच भागात फार पूर्वी मिळालेले आहे.

सन १९५६ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने एक प्रयोग केला. पाच मराठी जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत श्रवणमंडळे स्थापन झाली. त्या वेळचा अहमदनगर, म्हणजे आजचा आपला अहिल्यानगर जिल्हाही त्यांत होता. आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, असे २० कार्यक्रम झाले. गावकरी एकत्र बसून ऐकत, मग त्यावर चर्चा करीत आणि शंका केंद्राला कळवीत. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने याची पाहणी केली. मंडळे असलेल्या गावांत लोकांचे ज्ञान चांगलेच वाढले होते. रेडिओ होता पण मंडळ नव्हते, अशा गावांत फारसा फरक पडला नव्हता. म्हणजे फरक पडला तो ऐकल्यानंतरच्या बोलण्याने.

वर्गातही हेच करावे. कार्यक्रम दहा मिनिटांपेक्षा लांब नसावा. रेंजचा भरवसा नसतो, म्हणून तो आदल्या दिवशीच उतरवून ठेवावा. ऐकण्याआधी गुरुजींनी एक प्रश्न फळ्यावर लिहावा. मध्ये थांबवून मुलांना बोलते करावे. वाचनात मागे असलेले मूलही ऐकून उत्तर देऊ शकते. त्याला आधी संधी द्यावी.

मग ऐकलेले करून पाहू द्यावे. समजा, विषय बियाण्याच्या उगवणशक्तीचा आहे. मुलांनी घरच्या सोयाबीनचे १०० दाणे सरसकट मोजून घ्यावेत. ओल्या गोणपाटावर ओळीने मांडून गुंडाळी करावी, सावलीत ठेवावी, पाणी शिंपडत राहावे. सहा-सात दिवसांनी चांगले कोंब मोजावेत. ७० किंवा जास्त असतील तर बियाणे पेरणीयोग्य. थोडे कमी भरले तर एकरी बियाणे वाढवावे लागते. फारच कमी भरले तर ते पेरू नये. दुबार पेरणीचा खर्च किती, हे तुम्हाला सांगायला नको.

कार्यक्रम कोणाचा आहे, हेही पाहावे. कृषी विद्यापीठ, कृषी विज्ञान केंद्र, आकाशवाणी यांचा असेल तर उत्तम. औषध खपवण्यासाठी केलेली बडबड वर्गात नको.

आई-वडिलांचे काम सोपे आहे. रात्री जेवताना एवढेच विचारा, ‘आज काय ऐकलंस? आपल्या रानात ते कसं लागू पडेल?’ मुलाला सांगता आले नाही तर रागावू नका. तोच प्रश्न वहीत लिहून दुसऱ्या दिवशी गुरुजींकडे पाठवा.