नोंदींची शिस्त (भाग ५) : पासपोर्टच्या तळाच्या दोन ओळी

भारतीय पासपोर्टच्या पुस्तिका आपल्या नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापल्या जातात. घरात पासपोर्ट असेल तर फोटोचं पान उघडा. तळाशी दोन ओळी दिसतील, प्रत्येकीत बरोबर ४४ खुणा: अक्षरं, आकडे आणि मधूनमधून बाणाच्या टोकासारखं चिन्ह. फॉर्ममध्ये आणि टेबलमध्ये माहिती ठरलेल्या साच्यातच कशी भरून घ्यायची, हे शिकायला याहून चांगला नमुना मला माहीत नाही.

हा साचा आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने ठरवला आहे. खालच्या ओळीतल्या पहिल्या ९ जागा पासपोर्ट क्रमांकाच्या. आपला क्रमांक म्हणजे एक अक्षर आणि ७ आकडे, एकूण ८. उरलेली नववी जागा त्या बाणाच्या चिन्हाने भरतात, मोकळी सोडत नाहीत. जन्मतारीख ६ आकड्यांत: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. १५ ऑगस्ट १९८५ म्हणजे ८५०८१५. दिवस आधी की महिना आधी, हा प्रश्नच उरत नाही. आपल्या ऑफिसांत तो रोज उरतो. संगणकाची मांडणी अमेरिकी असेल तर मायक्रोसॉफ्टचा ॲक्सेस हा डेटाबेस ५/८ ला मुकाट ८ मे समजतो आणि १५/८ ला मात्र १५ ऑगस्टच, कारण पंधरावा महिना नसतो. एकाच रकान्यात काही तारखा सुलट, काही उलट, आणि तक्रार कुठेच नाही.

आता फॉर्मकडे येऊ. ॲक्सेसमध्ये ‘इनपुट मास्क’ लावता येतो. पासपोर्ट क्रमांकासाठी एक ‘एल’ आणि पुढे सात शून्यं लिहायची. एल म्हणजे इथे अक्षर हवंच, शून्य म्हणजे इथे आकडा हवाच. ऑपरेटरने आठव्या जागी अक्षर दाबलं तर ते उमटतच नाही.

पण मास्क फक्त आकार पाहतो. क्रमांक खरा आहे का, हे त्याला कळत नाही. शिवाय तो पुढच्या दारावरचा पहारेकरी आहे. एक्सेलची शीट थेट टेबलमध्ये ओतली तर ती मागच्या दाराने आत येते. म्हणून खरा नियम टेबलवरच हवा: ॲक्सेसमध्ये ‘व्हॅलिडेशन रूल’, इतरत्र ‘चेक कन्स्ट्रेंट’. मायएसक्यूएल वापरणाऱ्यांनी आपली आवृत्ती आधी तपासावी. ८.०.१६ च्या आधीच्या आवृत्त्या चेकचा नियम बिनतक्रार स्वीकारायच्या आणि पाळायच्या मात्र नाहीत.

पासपोर्टची ओळ याच्याही पुढे जाते. जन्मतारखेनंतर एक तपासणी अंक असतो. तारखेच्या आकड्यांना क्रमाने ७, ३, १, ७, ३, १ ने गुणायचं, बेरीज करायची आणि तिचा शेवटचा आकडा घ्यायचा. ८५०८१५ साठी ५६, १५, ०, ५६, ३ आणि ५, बेरीज १३५, म्हणून अंक ५. कुणी पहिले दोन आकडे उलटे टाकून ५८०८१५ लिहिलं तर बेरीज १२३ होते, अंक ३ येतो आणि चूक तिथेच पकडली जाते.

प्रत्येक चूक मात्र अशी सापडत नाही. दुसरा आणि तिसरा आकडा उलटून पाहा: ८०५८१५. बेरीज १२५, शेवटचा आकडा पुन्हा ५! शेजारच्या दोन आकड्यांत ५ चा फरक असला की ही तपासणी फसते. पण या तारखेत महिना ५८ वा निघतो, आणि ‘महिना १ ते १२’ एवढा साधा नियम ती अडवतो. आकार, मर्यादा, तपासणी अंक: एकाच्या हातून सुटलेलं दुसऱ्याने धरायचं असतं.

आपल्याकडची एक खास अडचण इथेच सांगतो. मराठी कीबोर्ड चालू राहिला तर १५ देवनागरी आकड्यांत पडतं. डोळ्यांना ते बरोबरच दिसतं, पण मजकुराच्या रकान्यात डेटाबेसच्या लेखी ती वेगळीच चिन्हं, त्यामुळे शोधताना नोंद सापडत नाही. ‘कोणताही अंक चालेल’ असं मोघम लिहिलेला नियम काही प्रणालींत देवनागरी अंकही स्वीकारतो. कोणते दहा अंक चालतील ते नियमात स्पष्ट लिहा.

आणि सक्ती कुठे थांबवायची, हेही पासपोर्टच्याच अर्जात पाहा. ज्याला आडनाव नाही त्याला तो रकाना रिकामा सोडता येतो. आपण मात्र आडनाव सर्रास सक्तीचं करतो. समोरच्या माणसाला आडनावच नसलं की ऑपरेटर टिंब टाकतो नाहीतर वडिलांचं नाव, आणि नियम पाळूनही खोटी नोंद तयार होते. हा रकाना ऐच्छिक ठेवा. त्यात नुसतं टिंब पडणार नाही, एवढा नियम टेबलवर जरूर घाला.

पुढच्या भागात: एकाच माणसाच्या दोन नोंदी.