दुहेरीतला मुंबईकर

४ जुलै २०२४ च्या संध्याकाळी मरिन ड्राइव्हवर मुंगीला शिरायला जागा नव्हती. टी-२० विश्वचषक जिंकून परतलेल्या भारतीय क्रिकेट संघाची उघड्या बसमधून मिरवणूक निघाली होती. गिरगाव, ठाकूरद्वार, चिराबाजार या भागांतील रहिवाशांना तर ती घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होती. योगायोग असा, की त्याच दिवशी मालाडच्या चिराग शेट्टीने वयाची २७ वर्षे पूर्ण केली. दुसऱ्या दिवशी विधान भवनात संघातील मुंबईकर क्रिकेटपटूंचा सत्कार झाला आणि राज्य सरकारने संघासाठी ११ कोटी रुपयांचे पारितोषिक जाहीर केले. त्यानंतर काही दिवसांतच चिरागने आपली नाराजी उघडपणे बोलून दाखविली. क्रिकेटपटूंच्या गौरवाला त्याचा आक्षेप नव्हता. २०२२ मध्ये भारताने थॉमस चषक जिंकला, त्याची योग्यता विश्वचषकाएवढीच आहे. त्या संघात महाराष्ट्राचा आपण एकटेच होतो, तरी राज्याने त्याची दखल घेतली नाही, एवढेच त्याचे म्हणणे होते.

या तक्रारीत पैशाचा प्रश्न होताच, पण त्याहून जुना एक प्रश्न दडलेला होता. चिराग हा दुहेरीचा खेळाडू आहे, आणि भारतात दुहेरीला कायम धाकट्या भावाची वागणूक मिळाली आहे.

खरे तर सामान्य माणसाची बॅडमिंटनशी ओळख दुहेरीतूनच होते. गिरगावातील चाळीच्या अंगणात थंडीच्या दिवसांत रात्री दिवा लावून, दोन टोकांना नेट बांधून जो खेळ रंगतो तो बहुधा चौघांचाच असतो. जागा कमी, खेळणारे जास्त. एकट्याने अख्खे अंगण अडवून ठेवणे शेजाऱ्यांना परवडणारे नसते. मात्र नावलौकिकाचा प्रश्न आला, की आपल्या स्मरणात एकेरीचेच खेळाडू येतात. नंदू नाटेकर, प्रकाश पदुकोण, पुल्लेला गोपीचंद, सायना नेहवाल, पी. व्ही. सिंधू ही नावे ज्या यशाशी जोडलेली आहेत ते यश एकेरीतील आहे. नाटेकरांनी राष्ट्रीय स्पर्धेत दुहेरीचीही विजेतेपदे मिळविली होती, हे आज किती जणांना आठवते? ज्वाला गुट्टा आणि अश्विनी पोनप्पा यांनी २०११ मध्ये जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत ब्राँझपदक मिळविले, तेव्हा थोडी जाग आली. पण दुहेरीच्या खेळाडूंकडे कोणी लक्ष देत नाही, असे ज्वालाला त्यानंतरही वर्षानुवर्षे सांगावे लागले.

दुहेरी म्हणजे एकेरीचेच काम दोघांत वाटून घेणे, असा समज असतो. तो चुकीचा आहे. एकेरीचे कोर्ट ५.१८ मीटर रुंद, तर दुहेरीचे ६.१० मीटर. सर्व्हिससाठी मात्र दुहेरीची मागची रेषा ७६ सेंटिमीटर पुढे असते. त्यामुळे उंच, लांब सर्व्हिस करून प्रतिस्पर्ध्याला मागे ढकलण्याची सोय उरत नाही. सर्व्हिस नेटला घासून जाईल अशी आखूड करावी लागते, आणि ती अंगठ्याच्या पेराएवढी जरी वर राहिली तरी समोरचा पुढे झेपावून गुण संपवितो. एकेरीत धावणे आणि धीर यांची परीक्षा असते. दुहेरीत पहिल्या तीन-चार फटक्यांतच बाजी ठरते. शटल वर उचलावे लागले, की जोडी शेजारीशेजारी उभी राहून बचाव करते. स्मॅश मारण्याची संधी मिळाली, की एक पुढे आणि दुसरा मागे जातो. ही अदलाबदल एका क्षणात, न बोलता व्हावी लागते. ज्याचा पाय अर्ध्या पावलाने चुकला त्याच्यामुळे दोघांचा गुण जातो.

चिराग पश्चिम उपनगरात बॅडमिंटन शिकला. माजी आंतरराष्ट्रीय खेळाडू उदय पवार यांच्या अकादमीत त्याची जडणघडण झाली आणि पुढे तो हैदराबादला गोपीचंद यांच्या अकादमीत गेला. तेथे २०१६ च्या सुमारास मलेशियाचे प्रशिक्षक टॅन किम हर यांनी त्याची जोडी सात्विकसाईराज रंकीरेड्डीशी जुळवली. सात्विक आंध्र प्रदेशातील अमलापुरमचा, चिरागपेक्षा तीन वर्षांनी लहान. दोघेही उंच, दोघांनाही मागून जोरदार स्मॅश मारण्याची सवय. जाणकारांना हाच दोष वाटत होता, कारण जोडीत एकाने तरी नेटजवळचा हवा. आधीचे जोडीदार सोडून नव्याने सुरुवात करण्याची दोघांनाही फारशी हौस नव्हती. टॅन मात्र ठाम राहिले. दोघांपैकी चिरागला नेटजवळचे काम अधिक करावे लागले: सात्विकच्या स्मॅशने अर्धवट परतलेले शटल पुढे झडप घालून मारणे, प्रतिस्पर्ध्याला वर उचलायला भाग पाडणे. सात्विकच्या स्मॅशचा वेग २०२३ मध्ये चाचणीत ताशी ५६५ किलोमीटर नोंदला गेला आणि त्याचा विक्रम झाला. पण तो स्मॅश मारण्याची संधी अनेकदा पुढे उभ्या असलेल्या चिरागने तयार केलेली असते. हे काम ठळक मथळ्यांत येत नाही.

२०१८ मध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत या जोडीने रौप्यपदक मिळविले. ४ ऑगस्ट २०१९ रोजी थायलंड ओपनच्या अंतिम सामन्यात २०१८ ची जगज्जेती चिनी जोडी ली जुनहुई आणि लिऊ युचेन यांना त्यांनी २१-१९, १८-२१, २१-१८ असे हरविले. सुपर ५०० दर्जाची स्पर्धा जिंकणारी ती पहिली भारतीय जोडी.

टोकिओ ऑलिम्पिकमधील कथा मात्र हळहळ लावणारी आहे. करोनामुळे २०२१ मध्ये झालेल्या त्या स्पर्धेत गटातील तीनपैकी दोन सामने त्यांनी जिंकले. त्यांपैकी एक तैवानच्या ली यांग आणि वँग ची-लिन यांच्याविरुद्धचा होता, तिसरा गेम २७-२५ असा सुटलेला. तरीही ते उपांत्यपूर्व फेरीत पोहोचले नाहीत. गटात तीन जोड्यांचे प्रत्येकी दोन विजय झाले, मग जिंकलेल्या आणि हरलेल्या गेममधील फरक मोजला गेला. तैवानचा फरक दोनचा, भारताचा एकाचा. पुढे ली आणि वँग यांनीच सुवर्णपदक जिंकले. नियमाला बोट लावण्यासारखे त्यात काही नव्हते. पण सुवर्णविजेत्यांना हरवूनही गटातच गाशा गुंडाळावा लागावा, हे पचविणे सोपे नाही.

थॉमस चषकाचे महत्त्व याच पार्श्वभूमीवर समजून घ्यावे लागते. प्रत्येक लढतीत तीन एकेरी आणि दोन दुहेरी असे पाच सामने असतात. दुहेरी लंगडी असेल तर एकेरीचे तिन्ही सामने जिंकण्यावाचून गत्यंतर नसते. भारताची पिढ्यान्‌पिढ्या हीच अडचण होती. मे २०२२ मध्ये बँकॉकला मलेशियाविरुद्ध आणि मग डेन्मार्कविरुद्ध भारताने पहिली एकेरी गमावली. दोन्ही वेळा सात्विक-चिराग यांनी लगेच बरोबरी साधून दिली, आणि दोन्ही लढती ३-२ अशा जिंकल्या गेल्या. १५ मे रोजी अंतिम लढतीत समोर १४ वेळचा विजेता इंडोनेशिया होता. लक्ष्य सेनच्या विजयानंतर या जोडीने मोहम्मद अहसान आणि केविन सुकामुल्जो यांना १८-२१, २३-२१, २१-१९ असे नमविले. श्रीकांतने तिसरा सामना जिंकून ३-० वर शिक्कामोर्तब केले. एकेरीच्या खेळाडूंचे श्रेय तसूभरही कमी होत नाही. पण भरवशाची दुहेरी नसती तर ती लढत अंतिम फेरीपर्यंत आलीच नसती.

त्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण, टोकिओच्या जागतिक स्पर्धेत ब्राँझ. जागतिक स्पर्धेत पुरुष दुहेरीतील ते भारताचे पहिले पदक. २०२३ साल तर या जोडीचेच म्हणावे लागेल. एप्रिलमध्ये दुबईत आशियाई अजिंक्यपद मिळाले. १९६५ मध्ये दिनेश खन्ना यांनी एकेरी जिंकल्यानंतरचे ते भारताचे पहिलेच सुवर्ण. जूनमध्ये इंडोनेशिया ओपनच्या अंतिम सामन्यात मलेशियाचे ॲरॉन चिया आणि सोह वूई यिक हरले. या जोडीला सात्विक-चिराग यांनी त्याआधी एकदाही हरविले नव्हते.

ऑक्टोबरमध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत कोरियाच्या चोई सोल-ग्यू आणि किम वॉन-हो यांना २१-१८, २१-१६ असे हरवून त्यांनी या स्पर्धेतील बॅडमिंटनचे भारताचे पहिलेवहिले सुवर्ण मिळविले. त्यापूर्वी पुरुष दुहेरीत भारताला पदक मिळाले होते ते थेट १९८२ मध्ये, दिल्लीत. प्रदीप गंधे आणि लेरॉय डिसा यांचे ते ब्राँझ. मधल्या ४१ वर्षांत आशियाई स्पर्धेतील हा रकाना कोराच राहिला होता. हांगझोऊनंतर तीन दिवसांतच ही जोडी जागतिक क्रमवारीत अव्वल ठरली. हा मान मिळविणारी ती पहिली भारतीय जोडी. २०२३ चा खेलरत्न पुरस्कारही दोघांना मिळाला.

पॅरिस ऑलिम्पिकला जाताना म्हणूनच पदक जवळजवळ गृहीत धरले गेले होते. १ ऑगस्ट २०२४ रोजी उपांत्यपूर्व फेरीत पुन्हा चिया आणि सोह समोर आले. पहिला गेम भारतीय जोडीने २१-१३ असा सहज घेतला, पुढचे दोन १४-२१, १६-२१ असे गमावले. २०२१ पासून त्यांना घडविणारे डेन्मार्कचे प्रशिक्षक मॅथियस बो यांनी त्यानंतर काम थांबविले. पुढचे काही महिने वाईट गेले. फेब्रुवारी २०२५ मध्ये सात्विकच्या वडिलांचे निधन झाले. मार्चमध्ये ऑल इंग्लंड स्पर्धेत चिरागच्या पाठीच्या दुखापतीमुळे सामना अर्धवट सोडावा लागला. दुहेरीत एकाची पाठ धरली की दोघांची स्पर्धा संपते. एकेरीच्या खेळाडूला निदान दुसऱ्याच्या प्रकृतीची काळजी वाहावी लागत नाही. ज्यांनी ही जोडी जुळवली ते टॅन किम हर २०२५ मध्ये पुन्हा प्रशिक्षक म्हणून परतले.

ऑगस्ट २०२५ मध्ये जागतिक अजिंक्यपद स्पर्धा पॅरिसलाच झाली, आणि तीही ऑलिम्पिकच्याच सभागृहात. उपांत्यपूर्व फेरीत प्रतिस्पर्धी तेच, चिया आणि सोह. या वेळी सात्विक-चिराग २१-१२, २१-१९ असे जिंकले आणि या स्पर्धेतील आपले दुसरे पदक त्यांनी निश्चित केले. उपांत्य सामन्यात मात्र चीनच्या चेन बोयांग आणि लिऊ यी यांच्यापुढे तिसऱ्या गेममध्ये त्यांचा निभाव लागला नाही. सुवर्ण कोरियाच्या जोडीने जिंकले. तिच्यात हांगझोऊला पराभूत झालेला किम वॉन-हो होता, नव्या जोडीदारासह.