पावलांची ठेवण

बैठका मारताना गुडघा दुखू लागला, की बहुतेक जण बैठकाच सोडून देतात. पन्नाशी ओलांडलेल्या रुग्णांकडून मी हे नेहमी ऐकतो. मांड्यांचे स्नायू मग क्षीण होत जातात आणि काही वर्षांनी खुर्चीतून उठायलाही हाताचा टेकू लागतो. व्यायाम सोडण्यापूर्वी आपण पावले कशी ठेवतो, हे एकदा पाहावे.

तालमीतल्या बैठकीत खाली जाताना टाचा उचलल्या जातात. भार चवड्यांवर येतो, गुडघे पुढे सरकतात आणि मांडीच्या पुढच्या स्नायूंना भरपूर काम पडते. पैलवानाला हे मानवते, कारण त्यामागे वर्षांची मेहनत असते. आयुष्यभर टेबलाशी बसून काम केलेल्याच्या गुडघ्याच्या वाटीवर मात्र तोच ताण एकाएकी येतो. त्याने पावले खांद्यांइतकी रुंद ठेवावीत, टाचा टेकलेल्या असाव्यात आणि खुर्चीवर बसावे तसे नितंब मागे न्यावेत. ताणाचा बराचसा वाटा मग खुब्याचे मोठे स्नायू उचलतात. अंतर आणखी वाढवले, तर मांडीच्या आतल्या बाजूच्या स्नायूंचे काम वाढते; पुढच्या स्नायूंना त्याने फारसा फरक पडत नाही.

चवडे अगदी सरळच हवेत, हा आग्रह मला पटत नाही. खुब्याची खोबण आणि मांडीच्या हाडाच्या मानेचा पीळ माणसागणिक वेगळा असतो. कधी एकाच माणसाच्या डाव्या-उजव्या पायांतही फरक आढळतो. बहुतेकांना चवडे 15 ते 30 अंश बाहेर वळवलेले सोयीचे वाटतात. चवडा जिकडे, गुडघाही तिकडेच वाकला पाहिजे. तो आत झुकत असेल, तर बैठकांची संख्या वाढवू नये.

‘गुडघा पायाच्या बोटांपुढे जाता कामा नये’ हा नियमही सर्वांना लागू नाही. लांब मांडीच्या माणसाचा गुडघा पुढे जाणारच. त्याला बळेच अडवले, तर अंग पुढे झुकते आणि भार कंबरेवर येतो. घोटा ताठर असल्याने टाच उचलली जात असेल, तर आधी पावलांतील अंतर वाढवून पाहावे. टाचेखाली पातळ फळी ठेवण्याचा उपायही आहे. पण त्याने गुडघा पुन्हा पुढे जातो, म्हणून दुखऱ्या गुडघ्याला तो बेताने करावा.

ज्येष्ठांनी खुर्चीपासूनच सुरुवात करावी. खुर्ची भिंतीला टेकवलेली असावी. पावले गुडघ्यांच्या रेषेपेक्षा थोडी मागे घेतली, की उठणे सोपे जाते. पुढे ठेवली, की तेच कठीण होते. दिवसाआड आठ-दहा वेळा उठून-बसून सुरुवात करावी. हात न टेकता हे सहज जमू लागले, की खुर्चीऐवजी थोडे बुटके आसन घ्यावे. गुडघ्याला सूज असेल, तो मध्येच अडकत असेल किंवा खुब्याची शस्त्रक्रिया झाली असेल, तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे.