वाघाची मावशी आणि दूधभात

मांजराला आपण वाघाची मावशी म्हणतो आणि तिच्यापुढे वाढतो मात्र दूधभात! हा विसंगत पाहुणचार आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. राणी चन्नम्मांचे जन्मगाव म्हणून प्रसिद्ध असलेली काकती घ्या, नाहीतर महामार्गाने पुढे निपाणीपर्यंत पसरलेली खेडी घ्या. भाताची पोती आणि शेंगांची रास ज्या घरात आहे, त्या घरात एखादे तरी मांजर असायचेच. पूर्वी या पाहुणचाराने फारसे बिघडत नसे. दूधभात ही त्याची न्याहारी होती. खरे जेवण ते पोत्यांच्या आड, गोठ्यात आणि शेताच्या बांधावर स्वतः मिळवीत असे.

आता घरे सिमेंटची झाली, खिडक्यांना जाळ्या बसल्या, उंदरांचा बंदोबस्त औषधाने होऊ लागला. बेळगावच्या सदनिकेत वाढणाऱ्या मांजराने तर उंदीर पाहिलेलाही नसतो. न्याहारी तेवढी उरली आणि जेवण गेले. मग अंगावरचे केस विरळ होणे, दृष्टी मंदावणे, चार पायऱ्या चढताच धाप लागणे अशी लक्षणे दिसू लागली की आपण म्हणतो, ‘वय झाले.’ पुष्कळदा वय झालेले नसते. ताट चुकलेले असते.

मांजराला काय हवे असते?

माणसाचे किंवा कुत्र्याचे शरीर अनेक आवश्यक द्रव्ये वनस्पतिजन्य अन्नापासून स्वतः तयार करू शकते. मांजराला ती सोय निसर्गाने दिलेली नाही. गाजर-भोपळ्यातील रंगद्रव्यापासून आपले शरीर ‘अ’ जीवनसत्त्व बनविते. मांजराचे बनवीत नाही. त्याला ते तयार स्वरूपात, म्हणजे काळजासारख्या प्राणिज अन्नातूनच, मिळावे लागते. टॉरीन नावाच्या द्रव्याचीही हीच कथा. मांसात, विशेषतः हृदयासारख्या सतत काम करणाऱ्या स्नायूंत, ते भरपूर असते. भातात, डाळीत ते नसते आणि दुधात अगदी थोडे असते.

टॉरीनअभावी मांजराच्या डोळ्यांतील पडदा झिजून अंधत्व येते, हे १९७५ साली अमेरिकन संशोधकांनी दाखवून दिले. पुढे १९८७ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांना आढळले की हृदय फुगून निकामी होण्याचा मांजरांचा एक जीवघेणा विकारही याच अभावातून उद्भवतो. टॉरीन दिल्यावर आजारी मांजरांची हृदये सुधारली! त्या काळी डबाबंद खाद्यावर वाढलेली मांजरेही या विकाराने मरत होती. त्यानंतर खाद्य बनविणाऱ्यांनी टॉरीनचे प्रमाण वाढविले.

मांजराला गोड चव कळतच नाही, हेही २००५ साली सिद्ध झाले आहे. खीर किंवा श्रीखंडाकडे ते धावते ते स्निग्धांशाच्या ओढीने. वाढ झालेल्या मांजरांपैकी पुष्कळांना दूधही नीट पचत नाही आणि जुलाब होतात. ‘आमचे मांजर आवडीने दूधभात खाते’ एवढ्यावरून तो त्याचा आहार ठरत नाही.

राखणीच्या कुत्र्याचे मात्र वेगळे आहे. माणसाच्या सहवासात हजारो वर्षे राहून त्याला पिष्टमय अन्न पचविण्याची शक्ती आली. म्हणूनच आपल्या शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातील मुधोळचा शिकारी कुत्रा भाकरी, दूध आणि अंडी यांवरही दणकट राहू शकतो. त्याचे पाहून मांजराला वाढू नये.

फेरेट नावाचा पाहुणा

आपल्या भागातील कित्येक घरांची मुलेमुली आज इंग्लंड-अमेरिकेत स्थायिक आहेत. तिकडे फेरेट नावाचा एक प्राणी हौसेने पाळतात. लांबोडके अंग, आखूड पाय, चौकस नजर. प्रथमदर्शनी आपल्याला मुंगूसच वाटावे. वस्तुतः तो मुंगसाचा सगोत्र नसून पाणमांजराच्या कुळातला आहे. सशांना बिळांतून हुसकून काढण्यासाठी युरोपात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी तो माणसाळविला गेला. (येथे एक सूचना आवश्यक आहे: हे वाचून कोणी मुंगूस धरून पाळू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण दिलेले आहे.)

फेरेट हा मांजराहूनही कडवा मांसाहारी. त्याचे आतडे आखूड असते आणि खाल्लेले अन्न तीन-चार तासांतच शरीराबाहेर पडते. त्यामुळे त्याला थोडे थोडे, पण वरचेवर आणि मांसाचेच खाणे लागते. शिवाय त्याची एक खोड आहे. आयुष्याच्या पहिल्या काही महिन्यांत ज्या वासाचे अन्न मिळाले, तेवढेच अन्न आहे अशी त्याची पक्की समजूत होते. कोरड्या दाण्यांवर वाढलेल्या फेरेटपुढे उत्तम मांस ठेवले तरी तो ते हुंगून बाजूला होतो. हा हट्ट मोडण्याची तिकडच्या लोकांनी बसविलेली रीत आपल्या दूधभाती मांजरालाही लागू पडते, म्हणून तिचा विचार पुढे करू.

मांस म्हणजे शिकार नव्हे

मांजर मांसाहारी आहे एवढे कळल्यावर उत्साही माणूस दुसऱ्या टोकाला जातो. बाजारातून बिनहाडाचे मांस आणून दोन्ही वेळा तेच घालू लागतो. पण मांजर उंदीर खाते तेव्हा ते केवळ त्याचे मांस खात नाही. हाडे, काळीज, हृदय, मूत्रपिंड, रक्त, सारे पोटात जाते. उंदीर हा मांजरासाठी निसर्गाने वाढलेला समतोल आहारच होय.

नुसत्या मांसात फॉस्फरस पुष्कळ आणि कॅल्शियम त्याच्या पंधराव्या-विसाव्या हिश्शाइतके असते. शरीराला ही दोन्ही जवळपास सारख्या प्रमाणात लागतात. तूट भरून काढण्यासाठी शरीर स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम ओढते. वाढत्या पिल्लांची हाडे अशाने ठिसूळ होऊन उडी मारतानाच मोडतात. प्राणिसंग्रहालयांत निव्वळ मांसावर वाढविलेल्या सिंहाच्या छाव्यांमध्येही हाच विकार आढळलेला आहे. उलट, काळीज आवडते म्हणून रोज काळीजच घातल्यास ‘अ’ जीवनसत्त्वाचा अतिरेक होतो आणि मानेची व पाठीची हाडे जखडतात. गोव्याकडून येणारी मासळीही सतत कच्ची देऊ नये. काही जातींच्या कच्च्या माशांत ‘ब-१’ जीवनसत्त्व नष्ट करणारे द्रव्य असते.

चार किलो वजनाच्या निरोगी मांजराला दिवसाकाठी सुमारे १०० ते १६० ग्रॅम मांसाहार पुरतो. एक किलो मिश्रण करावयाचे तर कोंबडीच्या मांडीचे बिनहाडाचे मांस पाऊण किलो, हृदये २०० ग्रॅम आणि काळीज ५० ग्रॅम घ्यावे. त्यात अंड्याच्या टरफलाची वस्त्रगाळ पूड एक सपाट चमचा, म्हणजे पाच-सहा ग्रॅम, मिसळावी. हा झाला पाया. टॉरीन, ‘ई’ जीवनसत्त्व, आयोडीन इत्यादींची भर किती घालावी, हे पशुवैद्यांना विचारूनच ठरवावे. घरगुती पाककृतींवर विसंबण्यात धोका आहे. कुत्र्यांसाठी प्रसिद्ध झालेल्या २०० पाककृती अमेरिकेत २०१३ साली तपासल्या गेल्या, तेव्हा त्यांपैकी ९५ टक्क्यांत काही ना काही आवश्यक द्रव्य उणे निघाले. आणि मांजराच्या गरजा कुत्र्याहून अधिक काटेकोर आहेत.

बदल कसा करावा?

सर्वप्रथम जेवणाच्या वेळा ठरवाव्यात. दिवसभर भरलेली वाटी समोर असेल तर कोणताही प्राणी नवे अन्न चाखणार नाही. नंतर नेहमीच्या अन्नात चमचाभर बारीक खिमा कालवावा. तो थंडगार नसावा. नुकत्याच मारलेल्या शिकारीइतका कोमट असला तर वास उमटतो, आणि हे प्राणी आधी नाकाने जेवतात. फेरेट पाळणारे खिमा कोमट पाण्यात पातळ करून त्याचे बोट प्राण्याच्या ओठाला लावतात. तो जीभ फिरवतो आणि हळूहळू चव ओळखीची होते.

दर तीन-चार दिवसांनी खिमा वाढवीत आणि भात कमी करीत दोन ते तीन आठवड्यांत बदल पुरा करावा. हट्टी प्राण्याला महिना-दोन महिनेही लागतात. घाई करू नये. जुलाब झाल्यास एक पायरी मागे यावे. आठवड्यातून एकदा वजन करून ते लिहून ठेवावे. पिल्ले, गाभण मांजरी, म्हातारी किंवा मूत्रपिंडाच्या विकाराची मांजरे यांच्या बाबतीत पशुवैद्यांच्या सल्ल्यावाचून आहार बदलू नये.

येथे एक धोक्याची सूचना आहे. ‘भूक लागली की आपोआप खाईल’ हा न्याय मांजराला लावू नये. काकतीजवळ भूतरामनहट्टीच्या प्राणिसंग्रहालयात वाघ-सिंह पाहून आलेली मुले घरी प्रश्न विचारतात. वाघसिंहांना आठवड्यातून एक दिवस उपाशी ठेवण्याची प्रथा आपल्याकडील अनेक प्राणिसंग्रहालयांत आहे, मग मावशीला उपास का नको? तिला तो सोसत नाही, हे त्यांना सांगावे. काही दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साचते आणि ते दगावू शकते. एक दिवस तोंड लावले नाही तर जुने अन्न पुन्हा द्यावे; दुसऱ्या दिवशीही खाल्ले नाही तर दवाखाना गाठावा. फेरेटला तर काही तासांचा उपासही बाधतो.

कच्चे की शिजविलेले?

कच्च्या मांसाचे समर्थक म्हणतात की निसर्गात चूल नाही. ते खरे आहे. पण निसर्गात खाटकाचे दुकान, उघडी लाकडी फळी आणि दुपारचे ऊनही नाही. कच्च्या मांसातून साल्मोनेलासारखे जंतू प्राण्याच्या पोटात आणि त्याच्या भांड्यातून आपल्या घरात येतात. अमेरिकन पशुवैद्यकीय संघटनेने २०१२ पासूनच कच्च्या मांसाविरुद्ध सल्ला दिलेला आहे.

अलीकडे याला बर्ड फ्लूची जोड मिळाली. २०२४ च्या डिसेंबरात नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या या रोगाने दगावले. २०२५ च्या आरंभी मध्य प्रदेशात छिंदवाड्याच्या पाळीव मांजरांतही तो आढळला. अमेरिकेत त्याच सुमारास टर्कीच्या गोठविलेल्या कच्च्या खाद्यातून एका मांजराचा बळी गेला आणि ते खाद्य बाजारातून परत मागविण्यात आले. फेरेटलाही इन्फ्लुएंझाची बाधा सहज होते. माणसाच्या इन्फ्लुएंझाचा विषाणू १९३३ साली प्रथम सापडला तो फेरेटवरील प्रयोगांतूनच. मांस गोठविल्याने काही परजीवी मरतात, हा विषाणू मरत नाही. तो मरतो आचेने.

यास्तव आपल्या हवेत आणि आपल्या बाजारात शिजविलेला मार्गच शहाणपणाचा. खिमा थोड्या पाण्यात आतपर्यंत शिजवावा आणि ते पाणी न टाकता त्यातच मुरवावे, कारण टॉरीन पाण्यात उतरते. मीठ, मसाला, कांदा, लसूण यांचा स्पर्शही नसावा. कांदा-लसणाने मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. शिजविलेली हाडे फुटून आतड्याला टोचतात, म्हणून ती कधीही घालू नयेत. कॅल्शियमचे काम टरफलाची पूड करील. ज्यांना कच्चेच द्यावयाचे असेल त्यांनी खात्रीच्या ठिकाणचे ताजे मांस घ्यावे, भांडी वेगळी ठेवावीत आणि लहान मुले व गर्भवती स्त्रियांना त्यापासून दूर ठेवावे. बर्ड फ्लूची वार्ता असेल तेव्हा मात्र तोही हट्ट सोडावा.

श्रावण आणि मांजर

शेवटी एक नाजूक प्रश्न उरतो. शाकाहारी घराने काय करावे? आणि मांसाहारी घराने तरी श्रावणात, गणपतीत काय करावे? महिनाभर घरात मांस शिजले नाही की मांजरही नकळत चातुर्मास पाळू लागते. व्रत आपले असते, त्याचे नसते. मिश्रणाचे लहान डबे करून ते बर्फाच्या कप्प्यात आधीच ठेवता येतात. ज्यांना घरात मांस नकोच, त्यांनी मांजरासाठीचे संपूर्ण आहार म्हणून विकले जाणारे खाद्य आणावे. त्यात टॉरीन घातलेले असते. तेही ज्यांच्या मनाला पटत नाही, त्यांनी मांजर न पाळता गाय, पोपटी हिरवी बाग किंवा अंगणातील चिमण्यांना दाणे, यांत समाधान मानावे. त्यात कमीपणा काहीच नाही.

पाळीव प्राण्याला बाजार करता येत नाही आणि तक्रारही करता येत नाही. आपण ताटात घालू तेच त्याचे प्रारब्ध. ते वाढताना आपली आवड, आपला धर्म आणि आपली सोय क्षणभर बाजूला ठेवून त्याच्या शरीराची भाषा ऐकली, तर वाघाची मावशी आपल्या घरात खऱ्या अर्थाने मानाने नांदेल.